बदामी साबण

फिटरला साबणाच्या कारखान्यात सगळे फिटरच म्हणायचे. खरं नाव हजेरीपटापुरतं. त्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी तिथं बॉयलर फुटला. भिंत कोसळली आणि फिटर पाइपांच्या जंजाळात अडकला. शेजारी साबणात घालायच्या बदामाच्या अत्तराचं पिंप फुटून सांडलेलं. दोन हातांवर ढिगाऱ्याखालून त्याचा कामावरचा जोडीदार हाका मारत होता. तासाभरानं हाका थांबल्या. फिटरला बाहेर काढलं तेव्हा अंगावर नुसतं खरचटलेलं. "नशीब काढलंस लेका," लोक म्हणाले.

त्यानं कारखाना सोडला, पाण्याच्या पंपांची दुरुस्ती धरली आणि त्या दिवसाबद्दल तोंडाला कुलूप लावलं. बायकोपाशीही अवाक्षर काढलं नाही. बदामाची कुठलीही वस्तू मात्र घरात येऊ दिली नाही. "मला सोसत नाही," एवढंच.

मुलगी चार वर्षांची असताना शेजारच्या काकूंनी तिचे चिखलाचे हात आपल्या मोरीत धुतले. साबणाचा फेस झाला तशी पोर ताठ झाली, किंचाळत घरी आली आणि कपाटामागे शिरली. भिंतीला पाठ, दोन्ही हात डोक्यावर, घामानं डबडबलेली. फिटरनं तिला बाहेर ओढलं. तिच्या हातांना बदामाचा वास येत होता. पाइपांखाली तोही अस्साच बसला होता.

"काय सांगितलंस तू तिला?" तो बायकोवर खेकसला.

"कशाबद्दल?"

तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं.

दोघं पोरीला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "उंदरांवर असे प्रयोग झालेत. बापाला एखाद्या वासाची दहशत बसवली, तर पुढे झालेली पिल्लंही त्या वासाला दचकतात. माणसांचं छातीठोकपणे नाही सांगता येत. तुमच्या चेहऱ्यावरूनही उचललं असेल तिनं."

"पण रक्तातून जाऊ शकतं?" फिटरनं विचारलं.

"जाऊ शकत नाही, असं मी म्हणणार नाही."

बायकोला दुसरं मूल हवं होतं. फिटर ऐकेना. "एकीला दिलं तेवढं पुरे," म्हणायचा. ती रडली, भांडली, शेवटी विषय काढायची थांबली. दोघं एका घरात पाहुण्यांसारखे वागू लागले.

मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर त्यानं तिला समोर बसवून सारं सांगितलं. ती एकटक बघत होती.

"मग त्या हाका मारणाऱ्या काकांना कुणी काढलं का?"

"काढलं. पण दुसऱ्या दिवशी."

ती उठली, बापाकडे न बघता आईच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.