कड्याच्या वाटेनं मुलगी बघायला

माझ्या लग्नाचं खापर कुणावर फोडायचंच झालं, तर ते माझ्या मामावर फोडावं लागेल. मामा सांगलीत गुळाची दलाली करायचा आणि उरलेल्या वेळात लग्नं जुळवायचा. दोन्हीकडं त्याची बोली एकच, ‘नंबर एकचा माल.’ रहिमतपूरच्या बाजूला उसाची शेती असलेले एक हवालदार होते. पलटणीतून परतलेले, मागच्या मोठ्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. त्यांच्या धाकट्या मुलीसाठी मामानं माझं स्थळ नेलं. ‘पोरगा अंगानं कसा हाय?’ असं हवालदारांनी विचारायचा अवकाश, मामानं ठोकून दिलं, ‘आवं, रोज पहाटे डोंगर चढून येतोय!’

मी तेव्हा माधवनगरला एका कापडगिरणीत कारकून होतो. माझ्या उभ्या जन्मातला डोंगर म्हणजे हापिसचा जिना, आणि तिथंही मध्ये कठडा धरून मी जरा टेकायचो. माझ्या अंगकाठीकडं बघून आधीची स्थळं परत गेली होती. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं, पण या मुलीचं तसं नव्हतं. तिला मी एका लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं होतं. कुणीतरी चेष्टा केली तशी ती हातातली बुंदीची बुट्टी सावरत मोठ्यानं हसली होती, तोंडावर पदरबिदर न घेता. मला ती मनापासून आवडली होती. हे स्थळ हातचं गेलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. बहुतेक जिनासुद्धा चढलो नसतो.

हवालदारांचा निरोप आला, ‘चैत्रात आमी देवीला डोंगरावर जातो. पाव्हण्यास्नी तिथंच घेऊन या. आईच्या पुढ्यात बघून घिऊ.’

‘मामा, आता?’ मी म्हटलं.

‘आता काय? पायऱ्या हायत गड्या. म्हाताऱ्या बाया चढत्यात. आणि हे बघ, भरतीचं विचारलं तर सांग, पुढच्या महिन्यात नाव घालतोय म्हणून. लष्करी घर हाय, खूश हुतील.’

लढाई ऐन जोरात होती. साताऱ्याकडं घराआड एक माणूस लष्करात गेलेला. मी ते वाक्य पाठ करून टाकलं.

ठरल्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी हजर झालो. अंगावर पांढरं शुभ्र धोतर, काळा कोट, काळी टोपी आणि खास बघण्यासाठी घेतलेल्या कुरकुरणाऱ्या वहाणा. चैत्रातलं ऊन, आणि मी असा वरातीच्या थाटात! हवालदारांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, ‘पाव्हणं, बायामाणसं पायरीनं जातील. आपण दोघं कड्यानं जाऊ. तुमास्नी काय, रोजचंच हाय.’

मी मामाकडं बघितलं. मामानं तत्काळ गुडघ्यावर हात ठेवला, चेहरा दुःखी केला आणि बायकांबरोबर पायऱ्यांकडं चालू लागला. लबाड माणूस!

कड्याची वाट म्हणजे वाट नव्हतीच. आधी करवंदीची जाळी. तिनं माझ्या धोतराचा सोगा ठेवून घेतला. मग मुरमाचा घसारा. तिथं एक पाऊल वर टाकलं की दोन पावलं खाली यायची, म्हणजे हिशेबानं मी सांगलीकडंच चाललो होतो. नव्या वहाणा कोटाच्या खिशांत कोंबल्या. त्यानंतर उभा कातळ आणि त्यात कुणीतरी कधीकाळी खोदलेल्या खोबण्या. एका खोबणीत पाय घातला आणि खाली नजर गेली. पायऱ्यांवरची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ‘आई गं’ असं जे मी म्हणालो ते देवीला नव्हतं, माझ्याच आईला होतं.

‘खाली बघू नगा,’ वरून आवाज आला. ‘माझ्या टाचा बघा. टाच उचलली की तितं पाय द्यायचा. हां, शाबास जवान!’

शाबास कसली? मी कातळाला पोटाशी धरून चिकटलो होतो. हवालदारांच्या भेगाळलेल्या टाचा मात्र मी आजही हजारांत ओळखीन.

मध्ये एका कपारीत ते टेकले. मी आडवाच झालो. त्यांनी पटक्यानं कपाळ पुसलं आणि समोरच्या खिंडीकडं बघत म्हणाले, ‘थोरला जावई लढाईवर हाय. ब्रह्मदेशाकडं. लय दिस झालं, कागद न्हाई. त्यो परत येस्तवर पायरीनं यायाचं न्हाई, असं आईला बोललोय.’

एखाद्या शहाण्या माणसानं इथं धीराचे दोन शब्द काढले असते. मी विचारलं, ‘अजून किती राहिलंय?’

हवालदारांनी माझ्याकडं असं बघितलं की स्थळ तिथंच मोडलं, असं मी समजलो. ते पटका बांधून उठले. शेवटच्या कातळावर तर माझे हातच चालेनात. त्यांनी वरून वाकून माझ्या कोटाची कॉलर पकडली आणि मला उसाच्या मोळीसारखं ओढून घेतलं. बाही टर्रकन उसवली. मी माथ्यावर पोचलो तो चार पायांवर, आणि डोकं वर करून बघतो तर समोरच देवळाच्या सावलीत सगळी मंडळी बसलेली. मामा करवंदं खात होता. बघण्याच्या कार्यक्रमाला नवरामुलगा असा रांगत आलेला त्या डोंगरानंही आधी पाहिला नसेल.

हवालदार नारळ घेऊन गाभाऱ्यात गेले, मामाही त्यांच्यामागं सटकला. मी देवळाच्या भिंतीला टेकून भात्यासारखा हालत होतो. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्यामागं थोरली बहीण उभी होती, कपाळभर कुंकू लावलेली. बहिणीनं माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. ती आम्ही आलो त्या कड्याच्या तोंडाकडं बघत होती, आमच्या मागनं अजून कुणी वर यायचं राहिलं असावं तशी.

धाकटीनं तांब्या पुढं केला आणि हळूच विचारलं, ‘तुमी भरती व्हणार हायसा?’

वाक्य तयार होतं. पुढच्या महिन्यात नाव घालतोय. जिभेवर होतं हो अगदी! पण बोलायला श्वास लागतो, आणि माझा श्वास कड्याच्या खाली कुठंतरी राहिला होता. तोंड उघडलं तर नुसती शिट्टी वाजली. मी मान हलवली. नाही.

‘खरंच न्हाई?’

पुन्हा मान हलवली. मग थोडा दम आला, आणि कसं कोण जाणे, त्याच्याबरोबर खरं तेच बाहेर पडलं. ‘गेलो होतो एकदा. त्यांनी छाती फुगवायला सांगितली. मी म्हटलं, फुगवलीय की.’

ती हसली. त्या पंगतीतल्यासारखी, मोठ्यानं. आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. माझं हसू झालं म्हणून मी खाली मान घालून पाणी प्यायलो. संपलं, असं मनाशी म्हटलं.

हवालदार बाहेर आले तशी ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ‘आबा, मला पसंत हायत.’

‘ह्ये?’ हवालदार ओरडलेच. ‘आगं, ह्ये वर आलं न्हाईत. म्या आणल्यात!’

‘ठावं हाय,’ ती म्हणाली.

हवालदारांनी तिच्याकडं बघितलं. मग थोरलीकडं बघितलं, ती अजून कड्याच्या तोंडाशीच होती. मग त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. माझी उसवलेली बाही खांद्यावर ओढून नीट केली.

थोरले साडू आले नाहीत. सासरे अंगात ताकद होती तोवर दर चैत्रात कड्यानंच जात राहिले. आम्ही दोघं पायऱ्यांनी जायचो. अर्ध्या वाटेवर मी बसकण मारायचो आणि धापा टाकायचो, येणारेजाणारे हसायचे, पोरंटोरं पुढं निघून जायची. लाज वाटून मी उठायला लागलो की ही माझी बाही धरून खाली बसवायची.

‘बसा की निवांत,’ म्हणायची. ‘तुमास्नी कुठं जायाचंय?’