वास गेला तेव्हा

"तुमच्या लोकांना वास बरोबर कळणारच. पिढ्यान्‌पिढ्यांची प्रॅक्टिस आहे."

काका हे मराठीत बोलले. हसत हसत, कॉफीचा कप हातात धरून. लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये टेबलाभोवती आम्ही नऊ जण होतो आणि त्यातल्या दोघांनाच मराठी येत होतं, त्यांना आणि मला. काका हसले म्हणून बाकीचे सातही हसले. अध्यक्षबाईंनी विचारलं, काय म्हणाले ते? काकांनी लगेच इंग्रजीत सांगितलं, "शी हॅज अ व्हेरी सेन्सिटिव्ह नोज."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "थँक यू."

थँक यू! जीभ झडली नाही माझी.

आम्ही नऊ जण कोण, ते आधी सांगते. आमचं गाव कॅलिफोर्नियात, खाडीच्या काठावर. खाडीत तेलाची जहाजं येतात. पूर्वी कधीतरी तेल सांडलं, पक्षी मेले, लोक खवळले. तेव्हापासून धक्क्यावर नजर ठेवायला नागरिकांची समिती आहे. एक नर्स, एक मासेमार, अध्यक्षबाई रिटायर्ड शिक्षिका, अशी साधी माणसं. महिन्यातून एका शनिवारी सकाळी बसायचं, धक्का बघून आलं की जे दिसलं ते रिपोर्टात घालायचं. कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या चुका शोधून पोट भरते. फ्रीमाँट सोडून इकडे राहायला आलो तेव्हा अर्ज केला, त्यांनी घेतलं.

काका समितीतले टेक्निकल मेंबर. सगळी नोकरी तेलाच्या जहाजांवर इंजिनिअर म्हणून झालेली, मूळ पुण्याचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अरे वा, मराठी का!" मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिथंच चुकले. परक्या देशात मराठी कानावर पडलं की आपण पाघळतो. आडनाव काय, गाव कुठलं, वडील काय करायचे, त्यांनी एकेक विचारलं आणि मी भडाभडा सांगितलं. बाबा मुंबईच्या गोदीत जहाजांच्या तेलाच्या टाक्या साफ करायचे, हेसुद्धा. मग एकदा ते मला मीटिंगला न्यायला घरी आले. हॉलमध्ये निळ्या कोटातला फोटो बघितला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला तर म्हणाले, "नको नको, आत्ताच पिऊन आलोय." मी ग्लास परत आत नेला. मला कळलं होतं. पण कळून न कळल्यासारखं करायची सवय मला लहानपणापासून होती.

मग टाकीचं प्रकरण झालं. जहाजांतून निघणारा तेलाचा गाळ आणि घाण पाणी साठवायची टाकी, दोन मजली घराएवढी. पुढच्या महिन्यात ती उघडून कंत्राटी कामगार आत उतरणार होते, आणि त्याआधी आमची समिती बघायला गेली होती. टाकीच्या खालच्या झाकणापाशी मी वाकले आणि तो वास आला. सडलेल्या अंड्याचा. मी सगळ्यांना बोलावलं. कंपनीच्या माणसानं गॅसचा मीटर छातीशी धरला आणि म्हणाला, काही नाही. थोड्या वेळानं वास खरंच गेला. काका म्हणाले, "वाऱ्यानं गेला. ऑल क्लिअर."

वास गेला होता. डोळे मात्र चुरचुरतच होते.

हा वास कसा जातो, ते मला दुसरीत असल्यापासून ठाऊक आहे. बाबा संध्याकाळी घरी आले की तीनतीनदा साबण लावायचे, तरी अंगाला तो वास राहायचा. मी नाक दाबायची. ते म्हणायचे, "बाय, वास येतोय तोवर आपण जिवंत. वास गेला की पळायचं. नाक आधी मरतं, मग माणूस." शेवटच्या दिवशी त्यांनी टाकीच्या तळातून ओरडून सांगितलं, "वास गेला, वर घ्या." मुकादम वरून म्हणाला, "गेला ना? बरंच झालं की. उरक लवकर." दोर त्याच्या हातात होता. हे बाबांच्या जोडीदारानं माझ्या आईला सांगितलं, आणि मी दाराआडून ऐकलं.

मीटिंगमध्ये मी एवढंच म्हणाले होते, की वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही, गॅस जड असतो, खाली बसतो, मीटर खाली धरून पुन्हा मोजा. त्यावर काकांचं ते वाक्य आलं. त्यानंतर मी एक अक्षर बोलले नाही. नऊ जणांच्या त्या खोलीत मी परत दाराआड जाऊन उभी राहिले.

पण खोलीत मराठी समजणारं आणखी एक माणूस होतं. मागच्या खुर्चीवर माझी लेक बसली होती, हायस्कूलच्या असाइनमेंटसाठी नोट्स घेत. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "आई, 'तुमचे लोक' म्हणजे हू?"

मी सीटबेल्ट लावत बसले.

"अँड व्हाय डिड यू से थँक यू?"

आजोबा हार्ट अटॅकनं गेले, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. पार्किंग लॉटमध्येच खरं सांगितलं. टाकी, दोर, मुकादम, जात, सगळं. ती रडली नाही. म्हणाली, "सो यू लाइड टू मी." बरोबर होतं तिचं.

त्यानंतरचा महिना भुतानं झपाटल्यासारखा गेला. अंडी उकडणं बंद केलं. ऑफिसच्या कॉलवर असताना मध्येच तो वास यायचा, आणि गेला की मी धडपडत खिडकी उघडायची. नवरा म्हणाला, डॉक्टरला दाखव यार. डॉक्टरला काय दाखवू? त्या टाकीत कोण उतरणार, त्यांची नावं मला माहीत नव्हती. मला सगळ्यांच्या जागी बाबांचाच चेहरा दिसायचा.

आणि मग मागच्या मीटिंगचं इतिवृत्त ईमेलनं आलं. त्यात एक ओळ होती: टाकीजवळच्या वासाबद्दलचं निरीक्षण सदस्येनं मागे घेतलं.

मागे घेतलं? मी? कधी? आमच्या समितीत अशी रीत आहे, की आक्षेपावर पुढे कुणी काही बोललं नाही तर तो मागे घेतला असं धरतात. माझ्या गप्प बसण्याचं त्यांनी असं लिहिलं होतं. ते इतिवृत्त मंजूर झालं असतं तर टाकी साफ करायला मोकळी, आणि बाईनं स्वतःच शब्द मागे घेतला, असा कागदोपत्री पुरावा! तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

पुढच्या शनिवारी अध्यक्षबाईंनी विचारलं, इतिवृत्तात काही दुरुस्ती? मी माइक ओढला. म्हणाले, मी काहीही मागे घेतलेलं नाही. मला गप्प केलं गेलं. मग काकांचं वाक्य मराठीत जसंच्या तसं म्हटलं, आणि त्याचं इंग्रजी केलं. 'तुमचे लोक' म्हणजे कोण, ते सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या ही घाण कुणाकडून उपसून घेतली, ते सांगितलं. बाबांची टाकी सांगितली. हे सगळं लिहून घ्या म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "इज धिस रेलेव्हंट टू द टँक?"

"येस," मी म्हणाले. "धिस इज द टँक."

हात वर झाले. पाच विरुद्ध चार. टाकीतला गॅस तळाशी पुन्हा मोजायचा, तोवर आत कुणी उतरायचं नाही. त्या पाचात एक हात माझाच होता.

बाहेर काकांनी गाठलं. चेहरा उतरला होता. "अगं, हे सगळं या लोकांसमोर काढायची काय गरज होती? शेवटी आपण मराठी माणसं."

"काका, त्या टेबलापाशी आपण नव्हतो. तिथं तुम्ही होतात आणि 'तुमचे लोक' होते."

मंगळवारी मोजलं. मी तिथं उभी होते. मीटर खालच्या झाकणापाशी नेला आणि तो किंचाळायला लागला. कंपनीच्या माणसानं सगळ्यांना मागे पळवलं. लोक मला म्हणाले, जिंकलीस. काय जिंकले? बाबांच्या वेळी तळाशी मीटर नव्हता आणि दोर मुकादमाच्या हातात होता. काकांकडच्या गणपतीच्या जेवणाचं आमंत्रण यंदा आलं नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण समितीतली खुर्ची मी सोडणार नाही. दर महिन्याला त्या टाकीपाशी जाणार, वाकणार, वास घेणार. येत असेल तर लिहीन. आणि गेला, तर ओरडेन. आतल्या माणसांना वर घेतल्याशिवाय थांबणार नाही.