कुंपणापलीकडचं खोड

नवरा गेल्यावर त्याची पान्ह्यांची पिशवी काकूंनी खांद्याला अडकवली, तेव्हा लोक हसले. आता नळ तुंबला की तेच लोक म्हणतात, "नळवाल्या काकूंना बोलवा." भिंतीला कान लावून पाणी कुठं अडलंय ते काकू अचूक सांगत.

दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. शाळेच्या टाकीत टँकर पाणी ओतून जायचा, पण नळाला टिपूस येईना. तिथं माळीकाम करणाऱ्या धाकट्या दिराने काकूंना बोलावलं. बाग केव्हाच जळून गेली होती. तो नुसताच झारी घेऊन हिंडायचा.

कुंपणाजवळ जमिनीतल्या पाइपचा सांधा काकूंनी उघडला. आत केसांच्या वेणीसारखी काळी, ओली मुळं. ओढली तशी येतच राहिली, दहा हात, बारा हात. मग पलीकडून कुणी धरल्यासारखी ताठ झाली.

"भावजी, इथं झाड कुठंय?"

"वेडी बाभूळ होती, वहिनी. दादानेच तोडली, पाच वर्षं झाली."

कुंपणापलीकडे खोड होतं, वाळून कोळ झालेलं. काकूंनी नखाने साल खरवडली. आत हिरवंगार.

"मेलं नाही हे. मेल्याचं सोंग घेतलंय."

"तिची जातच तशी," दीर म्हणाला. "पाणी आटलं की पानं गाळायची, अन् मुळं पाताळात धाडायची."

ते मुळासकट काढायला दोघांनी चार दिवस खणलं. खड्डा दोन पुरुष खोल झाला तरी मांडीएवढं मूळ खालीच चाललेलं. चौथ्या दिवशी भर दुपारी, वारा पडलेला असताना, काकूंनी मुळाला कान लावला. आत घुटका घेतल्यासारखा आवाज झाला. थांबला. पुन्हा झाला.

"काय ऐकू आलं?"

"आधी मला वर ओढा."

दिराने कुऱ्हाडीने मूळ तोडलं, खड्डा बुजवला. काकूंनी नवा पाइप जमिनीवरून, भिंतीच्या कडेने नेला. शाळेला पाणी सुरू झालं.

आठवड्याने काकू जुन्या सांध्यापाशी गेल्या. सांधा उघडताना सांडलेल्या पाण्यावर मातीतलं जुनं बी जागं झालं होतं: वीसेक रोपं, एकेकाला जेमतेम चार पानं. काकूंनी एक उपटलं. रोप बोटभर, मूळ हातभर.

गुडघे टेकून त्यांनी एकूणएक काढली. दीर झारी घेऊन उभा होता.

"हात धुता का, वहिनी?"

काकू झटकन म्हणाल्या, "इथं नको. एक थेंबही इथं सांडू नका."