बारा मिनिटं पुढे

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मिस्त्रींचं गॅरेज आहे. गाडी बिघडली नसली तरी मी तिथे डोकावते. इंजिनाच्या नळ्यांना मिस्त्री नंबर देत नाहीत, नाती देतात. रेडिएटरची वरची जाड नळी थोरली, खालची धाकटी, हीटरच्या दोन शेजारी शेजारी जाणाऱ्या त्या जावा, आणि हवेची बारीक नळी म्हणजे शेंडेफळ. ही पद्धत त्यांच्या लेकीची. शाळेत असताना तिला नंबर आठवत नसत, नाती बरोबर आठवत. पुढे ती बापाच्या बरोबरीने काम करू लागली आणि गिऱ्हाइकं तिला ‘छोटे मिस्त्री’ म्हणू लागली.

तीन वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी विमानाने दूर गेली. तिची जुनी लाल गाडी गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात कापडाखाली उभी राहिली.

महिन्याभरापूर्वी तिचा फोन आला. “बाबा, दोन-तीन महिन्यांत येते. तारीख कळवते. पण गाडी माझी मीच चालवणार हं.”

मिस्त्रींनी त्याच दिवशी कापड काढलं. उभ्या गाडीचं रबर वाळतं. थोरली बोटाने दाबली तर चिरा उघडल्या, धाकटी तोंडाशी फुगलेली. दोन दिवस खपून त्यांनी सगळ्या नळ्या नव्या घातल्या. प्रत्येक नळी आधी फुंकून बघायची, तोंडाला पाण्याचं बोट लावून बसवायची, मग क्लिप आवळायची.

“घट्ट धरायचं, ताई, पण नळी कापली जाईल इतकं नाही.”

“लेकीच्या वेळी धरलं नाहीत ते,” चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोने टोमणा मारला. “आता गाडीला अंगाई म्हणायची तेवढी राहिलीय.”

नळ्या झाल्या, कूलंट भरलं, किल्ली फिरवली, आणि आतून नुसतं ‘टक्’ आलं. बॅटरी उतरलेली.

मला आश्चर्य वाटलं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीच्या उणे बाजूची तार काढून ठेवा, घड्याळ आणि अलार्म थेंब थेंब करून तिला रिकामी करतात, हे याच माणसाने मला दहादा सांगितलेलं. स्वतः मात्र तीन वर्षं दर दहा दिवसांनी चार्जर लावत बसले होते. कधी विसरले की बॅटरीत घड्याळापुरतीच धुगधुगी उरायची. असं सारखं झाल्यावर ती आता गाडी सुरू होण्याइतका चार्ज धरेना.

“तुम्हीच असं करावं?” मी विचारलं.

त्यांनी मला गाडीत बसवून समोरचं छोटं घड्याळ दाखवलं. भिंतीवरच्या घड्याळाच्या बारा मिनिटं पुढे. कॉलेजला रोज उशीर व्हायचा म्हणून लेकीने ते तसं लावलेलं.

“जोडणी काढली की हे पुसलं जातं.”

“मग परत लावायचं बारा मिनिटं पुढे.”

“ते मी लावलेलं होईल, ताई.”

माझाही मुलगा परगावी असतो. त्याचा एक शर्ट मी अजून धुतलेला नाही.

नवी बॅटरी तर घालायलाच हवी होती. मिस्त्रींनी युक्ती काढली. दुसरी बॅटरी बाजूला ठेवून तारांनी गाडीला जोडायची, म्हणजे जुनी काढून नवी बसेपर्यंत घड्याळाला वीज मिळत राहील. फक्त अधिक बाजूच्या तारेचा चिमटा ढिला होता. तो मी धरायचा ठरलं.

“पत्र्याला लागू देऊ नका. आणि सोडू नका.”

“दोन मिनिटांचं तर काम,” मी म्हटलं.

त्यांनी खाली रबराचा तुकडा अंथरला, जुनी बॅटरी सोडवून उचलली, आणि माझा फोन वाजला. आदल्या दिवशी मुलाला ताप होता. सकाळपासून तो फोन उचलत नव्हता आणि माझ्या मनात नको नको ते येत होतं. माझा हात फोनकडे कधी गेला, मला कळलंही नाही. चिमटा रबरावर पडला.

ताप उतरला होता. तो झोपला होता, एवढंच. मी फोन ठेवला तेव्हा मिस्त्री नवी बॅटरी जोडून गाडीत बसले होते. घड्याळ बारावर लुकलुकत होतं.

“मिस्त्री, माझ्यामुळे...”

त्यांनी घड्याळावरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाले, “मुलाचा होता ना? बरा आहे?”

“बरा आहे.”

“मग झालं तर. मीही उचललाच असता.”

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. अर्धा तास ते नळ्या दाबून अडकलेली हवा काढत होते. एकही नळी गळली नाही. मग इंजिन बंद करून त्यांनी पाना घेतला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा उणे बाजू सोडवली. घड्याळ विझलं.

“अहो, लावायचं तरी होतंत,” त्यांची बायको हळूच म्हणाली. या वेळी तिने टोमणा मारला नाही.

“ती आली की तीच लावेल.”

याला वीस दिवस झाले. तारीख अजून आलेली नाही. काल मिस्त्रींनी मला हाक मारली आणि मीटर लावून दाखवलं, बॅटरी जराही उतरलेली नाही.