वहाणांची तोंडं बाहेर

गोष्टीतला माणूस उगीचच वेड्यासारखा वागला की माझं डोकं फिरतं. "अगं, चित्रं आहेत ती, सोड की," असं म्हणणाऱ्यांचा तर त्याहून जास्त राग येतो. चित्रातला असला म्हणून काय झालं, माणूस आहे ना तो? मग त्यानं माणसासारखं वागायला नको? अकरावीत असताना आष्ट्याच्या आमच्या घरी मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर मी जपानी ॲनिमे, म्हणजे तिकडची कार्टून, बघायला लागले. तेव्हापासून हा असा का वागला, तिनं खरं का लपवलं, यावरून मी जेवढी भांडले असेन तेवढी सख्ख्या भावाशीसुद्धा भांडले नसते. भाऊ नाहीच म्हणा मला. मी एकटीच.

आई म्हणायची, "ह्या नादानं पोट भरणार हाय व्हय तुजं?" आणि गंमत बघा, नादानंच भरायची वेळ आली. नर्सिंग झाल्यावर मी सांगलीला जपानी भाषेच्या क्लासला जायला लागले. दोन परीक्षा पास झाले, मुलाखत झाली, आणि जपानमधल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या कामासाठी माझी निवड झाली. पासपोर्ट तयार होता. राहिला होता तो फक्त पप्पांचा होकार, आणि तोच कुठं अडकला होता कुणास ठाऊक.

पप्पा फौजेत होते. माझं सगळं लहानपण ते सीमेवर नाहीतर छावणीत, आणि आम्ही दोघी आष्ट्यात. पेन्शन घेऊन ते घरी आले आणि उसाच्या मागं लागले, तोवर मी मोठी झाले होते. आमच्यात भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. जेवताना मीठ पुढं सरकवण्याइतकीच ओळख. जपानचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बघू." आता आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या मुकादमापासून पाणीपट्टीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी मनातल्या मनात हात टेकले.

त्याच सुमारास क्लासच्या सरांनी आम्हाला वाचायला एक मांगा दिलं. मांगा म्हणजे जपानी चित्रकथेचं पुस्तक. हे छोटंसं होतं, एकाच भागात संपणारं. जुन्या काळातला एक साधा शिपाई लढाईत जखमी होतो, हाताला फडकं बांधतो, बर्फ तुडवत, नावेतून नदी ओलांडून, फळबागेतनं चालत आपल्या घरी येतो. दारात त्याची लहान मुलगी उभी असते. ती त्याच्याकडं नुसती बघते. रडत नाही, धावत नाही, एक शब्द बोलत नाही. शेवटच्या पानावर त्यानं काढून ठेवलेल्या गवताच्या वहाणा दिसतात, आणि तिचा इवलासा हात त्या वहाणांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवताना दिसतो. संपलं.

त्या हातावरून क्लासखालच्या चहाच्या गाड्यावर आमचं जुंपलं. सांगलीचीच एक मैत्रीण होती, ती म्हणाली, "सरळ आहे. ती त्याला हाकलतेय. एवढी वर्षं कुठं होतास, आता चालता हो." मेढा गावची दुसरी म्हणाली, "आगं, लेकरू हाय ते. खेळतंय वहाणांशी. तुमी लय इचार करता." मी दोघींना झापलं. सरांनी सांगितलं नव्हतं का, तिकडं घरी आलेल्या पाहुण्याच्या वहाणा अशाच वळवून ठेवायची रीत आहे, जाताना त्याला सोपं पडावं म्हणून? पोरगीनं बापाला ओळखलेलंच नाही. ती पाहुण्याचं आदरातिथ्य करतेय. चहा गार झाला तरी सांगलीची मैत्रीण ऐकेना. "मग लेखकानं ते सांगायला नको? गोष्ट अर्धवट सोडली त्यानं," असं म्हणत ती उठून गेली.

पुस्तक मी घरी सोप्यात ठेवलं होतं. एका रविवारी बघते तर पप्पा चष्मा लावून त्यात डोकं घालून बसलेले. अक्षर एकही कळत नव्हतं, पण चित्रं बघत होते. मला बघून पुस्तक पटकन मिटलं, मग परत उघडलं, आणि म्हणाले, "त्या देशाची माणसं कशी असत्यात ते बघत हुतो."

"मग कशी हायत?"

"हा शिपाई चांगला हाय. पण बाहेर पडताना मागं वळून बघतोय. शिपायानं मागं बघू नये."

मला काही समजेना. तो कुठं बाहेर पडतोय? तो तर घरी येतोय. पण पप्पा आपले रंगात आले होते. एवढी वाक्यं सलग ते माझ्याशी कधी बोललेच नव्हते. ते म्हणाले, हा घरनं निघालाय, सुट्टी संपलीय. बागेतनं गेला, नाव धरली, बर्फातनं आपल्या पलटणीला जाऊन मिळाला, आणि मग लढाई. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जपानी पुस्तक उजवीकडनं वाचायचं असतं. पप्पांनी ते आपल्या पद्धतीनं डावीकडनं उघडलं होतं, आणि अख्खी गोष्ट शेवटाकडनं वाचली होती.

सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण खरं सांगते, सांगवेना. पप्पा माझ्याशी वाद घालत होते. मी म्हटलं चालू दे, आणि खोडी काढली. "मग पप्पा, घरी असताना हाताला फडकं बांधलेलं, आणि लढाईत हात धड कसा?"

"उसात कोयता लागला असंल," पप्पा म्हणाले. "म्हंजे त्यांचं जे काय पीक असंल त्यात. सुट्टीवर आलेल्या फौजीला बसू देत्यात व्हय घरची? पलटणीत जाईस्तवर बरा झाला."

"आणि बर्फातले पायाचे ठसे उलटे कसे? तो चाललाय पलटणीकडं आणि ठशांची बोटं घराकडं?"

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाले, "दुश्मनाला फसवायला उलटा चालला असंल. आमी बी केलंय तसलं." केलं नसणार, पण थाप कशी ठोकली बघा, तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. आई आतनं हसत होती.

हे आठवडाभर चाललं. मी क्लासहून आले की पप्पा पुस्तक घेऊन तयार. मैत्रिणींपेक्षा ते वादाला भारी होते, कारण हरले तरी मागं सरत नव्हते. नाव कुणाची, नावाड्याला शिपायाची दया का आली, सगळ्याचं त्यांच्याकडं उत्तर. एकाच पानावर ते थांबायचे. त्यांच्या लेखी पहिल्या, माझ्या लेखी शेवटच्या.

शेवटी मीच विचारलं, "पप्पा, ती पोरगी वहाणा का वळवते?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "तिला घाई झालीय," म्हणाले. "बाप कवा जातोय आणि घर कवा मोकळं हुतंय, असं झालंय. वहाणा दारात लावून ठेवल्यात. रडत बी न्हाई बघ. सवय न्हाई तिला त्याची, त्याला ती तरी काय करणार? तू तशीच करायचीस."

"मी?"

"सुट्टी संपली की माझं बूट पालिश करून, तोंडं बाहेर करून उंबऱ्यात ठेवायचीस तू. कुणी सांगायच्या आदी. आन् उभी राहायचीस, अशीच, ह्या पोरीवानी. डोळ्यात पाणी न्हाई, काय न्हाई. मी म्हणायचो, चला, पोरगी सुखात हाय. माझ्यावाचून तिचं काय आडत न्हाई."

हे ते रागानं बोलत नव्हते. साधं सांगत होते, पाऊस किती झाला ते सांगावं तसं. माणूस इतकी वर्षं हे मनात धरून बसतो? आणि कुणाला विचारत नाही?

मी त्यांना सांगितलं. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आई मला न्हाणीघरात घेऊन बसायची आणि बजावायची: पप्पा जाताना रडायचं नाही, अपशकुन होतो. मागून हाक मारायची नाही, मागून हाक मारली की निघालेल्याच्या कामाला खोट येते, आणि पप्पांचं काम बंदुकीचं आहे. मी आईला विचारायची, मग मी काय करू? तर आई म्हणायची, बूट पूस. म्हणून मी बूट पुसायची. पुसून पुसून बोटं काळी व्हायची. रडायचं नाही, हाक मारायची नाही, मग हातांना काहीतरी पाहिजे होतं. तोंडं बाहेर करून ठेवायची ती एवढ्यासाठी, की पप्पांना वाकून वळवत बसायला नको. आणि गाडी वळणापलीकडं गेली की मागच्या गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून भोकाड पसरायची.

पप्पांनी आतल्या दाराकडं बघितलं. आई पदराला हात पुसत उभी होती. "खरं हाय का हे?" त्यांनी विचारलं.

"मग काय करू?" आई म्हणाली. "पोरगी रडली आसती तर तुमचा पाय निघाला आसता का?"

मग मी पुस्तक त्यांच्या हातातनं घेतलं, उलटं केलं, उजवीकडनं उघडलं, आणि पान पान दाखवत गेले. लढाई, फडकं, बर्फ, नाव, बाग, दार. पप्पा बोटानं चित्रं चाचपत होते. "म्हंजे हा येतोय," ते म्हणाले.

"येतोय."

"आन् मी आठवडाभर त्याला घालवत बसलो." ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मला समजायला पायजे हुतं. निघताना न् येताना, दार तेच आसतंय. पोरगी तशीच उभी आसती." मग शेवटच्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मग वहाणा का वळवल्या?"

मी पाहुण्याचं सांगितलं. पोरगीनं त्याला ओळखलं नाही, असं मी म्हणाले. गेले कित्येक दिवस मैत्रिणींना हेच तावातावानं पटवत होते मी. पण पप्पांपुढं बोलताना माझा मलाच तो मुद्दा पोकळ वाटला. त्यांनी मान हलवली. "वळखलंय तिनं," ते म्हणाले. "वळखलं नसतं तर पळाली आसती आत. तिला एवढंच म्हाईत हाय, की ह्यो माणूस राहत न्हाई." एखाद्या गोष्टीवरच्या वादात मी हरले ती तेवढीच.

जपानचा विषय त्या दिवशी निघाला नाही. मीही काढला नाही. हा माणूस आत्ता कुठं घरी आलाय आणि मी निघायचं बोलायचं, हे मला जमेना. खरंतर जपानला 'नाही' कळवून टाकावं असं मनात यायला लागलं होतं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी क्लासला निघताना बघते तर माझे पायातले बूट जाग्यावर नाहीत. पांढरे खेळाचे बूट होते, जपानात घालायला म्हणून घेतलेले, सवय व्हावी म्हणून आत्तापासनंच वापरत होते. शोधत परड्यात गेले. पप्पा धुण्याच्या दगडावर बसून ब्रशनं ते घासत होते. नाड्या काढून वेगळ्या वाळत घातल्या होत्या.

"पालिश चालत न्हाई ह्याला," ते वर न बघता म्हणाले. "पांढरा खडू हाय का गं घरात?"

"पप्पा, तुमी बघू म्हणाला होता."

"मग बघितलं की. बघून झालं." त्यांनी बूट उन्हात उपडा ठेवला. "मी गेलो तवा मला कुणी आडवलं न्हाई. मी तुला का आडवू?"

निघायच्या दिवशी पुण्याच्या विमानतळाची गाडी दारात आली. आईनं हातावर दही घातलं. बूट उंबऱ्यात होते, तोंडं बाहेर करून, नाड्या सैल करून. पप्पांनीच ठेवले होते, विचारायची गरज नव्हती. मी दोघांच्या पाया पडले. रडायचं नाही हे अंगात इतकं मुरलेलं, की डोळे कोरडेच. बॅग उचलली आणि मागं न बघता चालायला लागले. आमच्या घरी असंच निघतात.

फाटकाची कडी काढली तेवढ्यात मागून हाक आली. मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "ए पोरी!"

आई दचकलीच. "आवं, मागनं हाक काय मारताय? येवढ्या लांब निघालीय ती."

मी वळले. पप्पा उंबऱ्यात उभे होते, मी उभी राहायची तिथंच. तोंड सगळं भिजलेलं, आणि पुसतही नव्हते.

"काय पप्पा? काय राहिलं का?"

"व्हय," ते म्हणाले. "तुझी एक हाक ऱ्हायली हुती. ती मारली."