चार शहरांचे बोगदे आणि आमची खांड

मी घर सोडलं त्या सकाळी माझ्या नखांत चिखल होता. अमावास्येचं उधाण, बाहेरकाठ्याला खांड गेलेली, आणि माझी दिल्लीची गाडी नेमकी त्याच दिवशी. पेणच्या लोकांना सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे लांब गेलेले आहेत आणि त्यांची पोरंही आहेत, म्हणून सांगतो. बाहेरकाठा म्हणजे आमच्या खारेपाटात खाडी आणि भातशेती यांच्यामधला मातीचा बांध. खांड म्हणजे त्याला पडलेलं भगदाड. खांड गेली की जोळ निघायची. घरटी एक माणूस काठ्यावर, कमरेएवढ्या चिखलात सगळ्यांची रांग, आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे. भरती चढायच्या आत खांड बुजली तर शेत वाचलं. नाहीतर खारं पाणी आत, आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भाताचं नाव घ्यायला नको.

त्या दिवशी बा खांडीच्या तोंडाशी खुंट ठोकत होता आणि मी रांगेत होतो. तासाभरात पाणी चढणार होतं. बा मागे वळला, रांगेच्या कडेने माझ्यापर्यंत आला, माझ्या हातातला गोळा त्याने घेतला आणि म्हणाला, "जा तू. गारी चुकंल." मी बाहेर आलो. माझ्या दोन्ही बाजूची माणसं एकेक पाऊल सरकली आणि रांग पुन्हा जुळली. घरी आईने पिशवीत सुका जवळा बांधून ठेवला होता. "जनू, जमिनीखाली काम करनार तं पानी बघून ऱ्हा," एवढंच ती बोलली. रामवाडीला एसटीत बसलो तेव्हा शेजारचा माणूस आधी माझ्या हातांकडे आणि मग त्या पिशवीकडे बघून सरकून बसला. खांड बुजली की नाही, ते मला दिल्लीला पोचल्यावर दोन दिवसांनी कळलं. बुजली होती.

माझा धंदा पाणी थांबवायचा. मेट्रोचा बोगदा कुठलाही असो, तो पाझरतोच. भिंतीत बारीक भोकं पाडायची, नळ्या बसवायच्या, आत रसायन दाबून भरायचं, की फट मिटते. दिल्लीत पहिल्याच आठवड्यात मी एक गंमत केली. भिंतीवर ओल आली होती आणि साहेब लोक नकाशे उघडून उभे होते. मी सवयीने बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. आमच्याकडे लहान पोरसुद्धा हेच करतं. शेतात पाणी दिसलं की चाखायचं. गोड असेल तर पावसाचं, खारट असेल तर काठा कुठेतरी पाझरतोय, पळा! मी म्हणालो, "साहेब, नळाचं पाणी आहे." साहेब ओरडले, "अरे वेड्या, गटाराचं असतं म्हणजे?" तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की जगात तिसरं पाणी असतं! दोन दिवस पोटाकडे लक्ष ठेवून होतो. वर रस्ता खणला तर फुटलेला नळच निघाला. तेव्हापासून सोबतची बिहारी पोरं मला नमकीन म्हणायला लागली, आणि ते नाव माझ्यामागे सिंगापूरपर्यंत आलं.

बा फोनवर दुसरं काही विचारायचाच नाही. जेवलास का नाही, पोरगी कशी आहे नाही. "थय पानी कसा हाय? खारा का गोर?" खारं की गोड ते मी सांगायचो. तो म्हणायचा, "बरा. आपला गोर हाय." आणि फोन बहिणीकडे द्यायचा. आमची वीस वर्षांची बोलणी एवढीच.

माझ्या मुलीला, ईशाला, एकदा शाळेत जगातल्या मेट्रोंची तुलना करायला दिली होती. आम्ही तेव्हा सिंगापूरला स्थिरावलो होतो. तिने मोठा तक्ता आखला. स्वच्छता, वेळ, थंडावा, नकाशा समजतो का, म्हातारी माणसं चढू-उतरू शकतात का. "पप्पा, तुम्ही चार ठिकाणी काम केलंय. गुण द्या." मी म्हटलं, एक रकाना पाण्याचा घाल. ती वैतागली. "प्रवाशाला पाण्याशी काय करायचंय?" बरोबर आहे तिचं. प्रवाशाला काहीच करायचं नसतं, म्हणून तर आम्हाला कामावर ठेवतात. तरी तो रकाना घालायला लावून मी गुण दिले, आणि अजूनही कुणी विचारलं तर तेच देतो.

सिंगापूरला वर्गात पहिला नंबर. फलाटावर जेवायची पोळी पडली तर उचलून खाल्ली असती, पण खाल्लं तर दंड. पण मला आवडतं ते वेगळंच. तिथे अनेक स्टेशनांत खाली उतरायच्या आधी चार पायऱ्या वर चढाव्या लागतात. लोक कुरकुरतात, उतरायचंय तर चढवता कशाला? मी पहिल्यांदा त्या पायऱ्या चढलो आणि उभाच राहिलो. अहो, तो बाहेरकाठा आहे! रस्त्यावर पाणी तुंबलं तरी आत येऊ नये म्हणून. दिल्लीतही तशा पायऱ्या आहेत. दिल्लीची मेट्रो नवी होती तेव्हा माणसं तिच्यात देवळात शिरल्यासारखी शिरायची, आवाज खाली करून. नंतर सवय झाली आणि आवाज परत आले. दिल्लीला मी दोन गुण जास्तच देतो, पहिली म्हणून.

लंडनला दीड वर्ष होतो. ती म्हातारी आहे, अरुंद आहे, उन्हाळ्यात आत जीव उबगतो, आणि सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायला विसरलात तर मागून हळूच घसा खाकरतात. पण तिथली माती! शहराखाली घट्ट, निळसर चिकणमाती, बोटाला चिकटली की सुटत नाही. मी तिचा गोळा हातात वळला तेव्हा पहिला विचार आला तो बाचा. ही माती बघून तो म्हणाला असता, हिचा काठा जन्मात फुटायचा नाय. न्यूयॉर्कला फक्त तीन महिने होतो. घाण, उंदीर, घामट फलाट, कर्ण्यातून काय सांगतात ते तिथल्यांनाही कळत नाही. ईशाने शून्य टाकलं होतं, मी तिला पाच करायला लावले. ती गाडी दिवसरात्र कधीच थांबत नाही, आणि तिच्याखाली पंपही थांबत नाहीत. रोज पाणी येतं, रोज उपसतात. तिथला एक म्हातारा पंपवाला मला सहज म्हणाला होता की, आम्ही घरी गेलो की हे तळं आहे. मला त्याचा हेवा वाटला, कारण तो घरी गेला की त्याच्या जागी दुसरा यायचा.

आमच्याकडे दुसरा येईनासा झाला होता. आई गेली. गावातली पोरं कंपनीत लागली, कुणी पेणला, कुणी रोह्याला, कुणी पनवेलला. भरती काही शिफ्ट बघून येत नाही. जोळीला चाळीस माणसं निघायची तिथे वीस, मग दहा. मी कुणाला नावं ठेवत नाही. मोजायला बसलो तर कमी पडलेल्यांत पहिला मीच आहे.

मी लंडनला असताना सुगंधाचा फोन आला. सुगंधा माझी धाकटी बहीण, रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिलेली. सणासाठी ती माहेरी गेली होती. "दादा, खांड गेलीय, मोठी. बा एकटा गेलाय काठ्यावर." मी विचारलं, बाकी कोण? म्हणाली, "सात जणं. सगले म्हातारे." मी म्हटलं, त्याला घरात घे. "तूच सांग त्याला, माझा आयकतो व्हय?" मी तेव्हा एका भिंतीसमोर उभा होतो. तळहाताएवढी ओल होती. तेवढ्या ओलीसाठी आम्ही बारा माणसं होतो, दोन पंप होते, दिवे होते, आणि ओल वाढतेय का ते मोजायला वेगळं यंत्र. मी फोन ठेवला आणि कामाला लागलो. काय करणार होतो दुसरं? लाज वाटली, अजून वाटते. सात म्हाताऱ्यांनी सहा भरत्या झुंज दिली. सातव्या भरतीला खांड एवढी रुंद झाली की गोळे टाकायचे कुठे तेच कळेना. मग ते काठ्यावर बसून राहिले आणि त्यांनी पाणी आत जाताना बघितलं. हे मला बाने नाही, सुगंधाने सांगितलं.

त्यानंतर तिने त्याला अष्टमीला नेलं. पेणहून रोहा, ते कितीसं लांब? पण मी चार देश फिरून जेवढा लांब गेलो नाही तेवढा तो तिथे गेला. दोन दिवस त्याने पिशवीतले कपडे बाहेर काढले नाहीत. पूल ओलांडून रोज कुंडलिका नदीकडे बघत उभा राहायचा. भरतीच्या वेळा त्याला तोंडपाठ, आणि आता त्या वेळांचा त्याला काही उपयोग नाही. जावई चांगला, नातवंडं जीव लावणारी. पण सुगंधाने पाण्याचा तांब्या दिला की आधी जिभेवर एक थेंब, मग घोट. ती चिडायची, "बा, नलाचा हाय, नलाचा!"

या वेळी दसऱ्यानंतर मी गेलो तेव्हा बाने मला जवळ बसवलं. आवाज बारीक झालाय त्याचा. म्हणाला, "चार पावसाला झालं. जमीन धुवून निघाली आसंल. जाऊन चाखून ये. गोर आसंल तं मी परत जातो. जोलीला मानसा मी गोला करतो." त्याने ते आधी कितीदा मनात घोळवलं असेल देव जाणे. सुगंधा माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणालो.

पेणला उतरलो, गावी गेलो. काठ्याची मोडकी ओळ दिसते अजून. आत आमच्या शेतात छातीएवढी तिवरं उभी आहेत, मुळं वर आलेली, आणि त्यांच्यात छोटे मासे उड्या मारत होते. आमचा बांधही सापडेना, मी अंदाजाने चालत राहिलो. पँट घोट्याच्या वर भिजली. वाकून ओंजळ भरायचीसुद्धा गरज नव्हती, तिवरं खाऱ्या चिखलातच उगवतात, ती दिसली तेव्हाच कळलं होतं. तरी चाखलं. सांगून गेलो होतो म्हणून चाखलं. खारं, कच्चं खारं. एवढ्या शहरांतलं पाणी जिभेवर ठेवलं, पण तोंड असं कधी कडू झालं नव्हतं. तिथेच उभा राहून थोडा रडलो. बघायला कुणी नव्हतं.

रोह्याला येईपर्यंत एसटीत एकच विचार. तिकीट परवाचं, राहायला तर मी येत नाही, चाळीस माणसं कुठून आणू? आणि खरं सांगितलं तर त्याला धरायला काय उरतं? बा ओट्यावरच होता. मी टेकायच्या आत त्याने विचारलं, "कसा हाय?"

"गोर हाय, बा."

आयुष्यभर लोकांनी माझ्या जिभेवर विश्वास ठेवला. मी पाण्याबद्दल खोटं बोललो ते तेवढंच एकदा.

मी चपला काढत होतो, बा वाकला. माझी काळी पँट प्रवासात वाळली होती आणि घोट्याच्या वर, जिथवर पाणी चढलं होतं तिथे, पांढरी रेघ उमटली होती. त्याने त्या रेघेवर नख फिरवलं आणि नख जिभेवर ठेवलं. मग कितीतरी वेळ माझा घोटा हातात धरून तसाच बसला.

पुढच्या वेळी ईशा तो तक्ता काढेल तेव्हा मी तिला सांगणार आहे की पाण्याचा रकाना खोडू नको. सिंगापुरात माझं घर आहे, तिथे माझी बायको-मुलगी आहे, रोज त्या चार पायऱ्या चढून मी खाली उतरतो. पण कुणी मला घर कुठे विचारलं की मला ती रांग आठवते, आणि तिच्यातली माझी जागा. रांग त्या दिवशी जुळली असं मला वाटलं होतं. ती जुळली नव्हती, बाकीच्यांनी ओढून धरली होती.

निघायच्या दिवशी मी बाच्या पाया पडलो. म्हटलं, मी राहतो आणखी आठ दिवस. तो ओट्यावरून उठला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुलापर्यंत स्वतः चालत आला. तिथे ती माझ्या हातात परत दिली.

"जा तू," म्हणाला. "गारी चुकंल."