कॉलरच्या आतलं नाव

"आधी ते परक्याचं नाव उसवा, नाहीतर मी लेकीच्या पदवीदानाला येणारच नाही!" बायकोने कात्री पुढे केली. "कोट काढून खुर्चीवर टाकलात की सगळं जग वाचतं."

"अगं, ज्याने हा कोट इतका जपून वापरला, त्याचंच नाव काढून टाकू?"

"त्याला कुठे कळणार आहे?"

"मला कळेल ना!"

वाचनालयातला हा कारकून जुन्या कपड्यांच्या दुकानातूनच कपडे घ्यायचा. निळा ब्लेझर, तिरप्या पट्ट्यांचा टाय, कॉलरच्या टोकांना बटणं असलेले शर्ट. सगळं कुणीतरी वापरून सोडलेलं, पण त्याच्या अंगावर असं बसायचं की नवे सभासद त्यालाच ग्रंथपाल समजायचे. ब्लेझर चढवताना आत शिवलेल्या त्या नावाला तो दरवेळी हळूच म्हणायचा, "आभारी आहे, साहेब."

आजही म्हणाला. मग बायकोकडे वळला. "नवा शिवायची आपली ऐपत कधीच नव्हती. माझी हौस या माणसाने पुरवली. आज त्यालाही घेऊन जाऊ की! येतेस ना?"

बायकोने कात्री खणात टाकली. त्याच्या खांद्यावरचा धागा चिमटीत उचलला, कॉलर सारखी केली आणि चपला घालून त्याच्या आधी जिना उतरू लागली.